घराला पायऱ्या किती? प्रवेश-मुलाखतीच्या तयारीचा एक विस्मृत इतिहास

१/ तुमच्या घराच्या दाराशी पायऱ्या किती? तांदळाची कणगी कोणत्या खोलीत असे? पुढच्या ओळीतील तिसऱ्या घरात कोण राहते? १९१० ते १९४० या काळात सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरातील एंजल बेटावर हजारो चिनी प्रवाशांना असे प्रश्न विचारले गेले. उत्तर जुळले नाही, तर परतीचे जहाज ठरलेले. व्हिसाच्या मुलाखतीची धास्ती अनुभवलेल्यांनी हा इतिहास अवश्य वाचावा.

२/ सोन्याच्या शोधात आणि पुढे लोहमार्गाच्या कामावर आलेल्या चिनी मजुरांविषयी कॅलिफोर्नियात रोष वाढत गेला. ६ मे १८८२ रोजी अमेरिकेने कायदा करून चिनी मजुरांना प्रवेश बंद केला. व्यापारी, शिक्षक, विद्यार्थी असे मोजके वर्ग तेवढे वगळले. मात्र १८९८ साली वाँग किम आर्क खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की अमेरिकेत जन्मलेला चिनी वंशाचा मनुष्य अमेरिकेचा नागरिकच होय.

३/ मग आला १८ एप्रिल १९०६ चा भूकंप. त्यापाठोपाठच्या आगीत सॅन फ्रान्सिस्कोतील जन्मनोंदी भस्मसात झाल्या. ‘माझा जन्म याच शहरातला’ असे अनेक चिनी रहिवाशांनी सांगितले आणि ते खोडून काढणारा कागद सरकारजवळ उरला नव्हता. नागरिकाची परदेशात जन्मलेली मुलेही नागरिक ठरू शकत. चीनला जाऊन आलेला मनुष्य ‘मला मुलगा झाला’ अशी नोंद करी. मुलगा नसला, तर ती जागा पुतण्याला देता येई किंवा परक्याला विकता येई. असे आलेले ते ‘कागदी पुत्र’.

४/ अधिकाऱ्यांसमोर पेच होता: कागद नाहीत, तर नाते पडताळायचे कसे? त्यांनी स्मरणशक्तीलाच साक्षीला बोलावले. दोन निरीक्षक, एक लघुलेखक आणि एक दुभाषा यांच्यासमोर आधी मुलाची, मग बापाची आणि इतर साक्षीदारांची स्वतंत्र उलटतपासणी होई. आजीचा मृत्यू, गावातील विहीर, शेजाऱ्याची मुले यांविषयीच्या जबाबांचा ताळा घेतला जाई. ही चौकशी कधी दोन-तीन दिवस चाले.

५/ त्यावर उत्तर म्हणून तयारीच्या वह्या जन्माला आल्या. त्यांत संभाव्य प्रश्न, त्यांची उत्तरे आणि कधी गावाचा नकाशाही असे. बोटीवरच्या प्रवासात त्या मुखोद्गत करायच्या आणि बंदर दिसण्याआधी समुद्रात फेकून द्यायच्या. बेटावर पोहोचल्यावर एखादा तपशील कमी पडलाच, तर स्वयंपाकघरातील चिनी नोकर शहरातून चिठ्ठ्या आणून गुपचूप पोहोचवीत.

६/ या पद्धतीचे खरे क्रौर्य येथे आहे. समजा, बापाने दहा वर्षांपूर्वी गाव सोडले. मधल्या काळात घराचे मागचे दार बुजवले गेले, शेजारी बदलले. बाप आठवणीतले घर सांगणार, मुलगा पाहिलेले. दोघेही खरे बोलले, तरी जबाब जुळणार नाहीत. म्हणून सख्ख्या मुलालाही वही पाठ करावी लागे. पाठांतर वाढले तसे प्रश्न बारीक झाले आणि प्रश्न बारीक झाले तशा वह्या जाड झाल्या.

७/ निकालाची वाट पाहण्यात आठवडे, कधी महिने जात. त्या काळात बराकींच्या लाकडी भिंतींवर बंदिवानांनी चिनी कविता कोरल्या. दोनशेहून अधिक आज ज्ञात आहेत. याच बेटावर आपल्याकडचे, मुख्यतः पंजाबातील, लोकही अडकले आणि त्यांतील अनेकांना परत पाठवण्यात आले.

८/ १९२४ च्या कायद्याने परदेशातील वकिलातींकडून आधीच व्हिसा घेणे बंधनकारक केले आणि चाळणीचा पहिला उंबरठा समुद्रापलीकडे सरकला. १९४३ साली चिनी बंदी उठली. वार्षिक कोटा मात्र अवघा १०५. पुढे हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीत रक्ततपासणीही सुरू झाली. १९५५ मध्ये तेथील महावाणिज्यदूत एव्हरेट ड्रमराइट यांनी चिनी अर्जांतील फसवणुकीवर खरमरीत अहवाल पाठवला.

९/ त्यानंतर १९५६ ते १९६५ या काळात सरकारने कबुलीजबाबाची योजना राबवली. सुमारे १४ हजार लोकांनी खरी ओळख सांगितली. पण एकाच्या कबुलीने भाऊ, चुलते, पुतणे सारेच उघडे पडत. त्यामुळे अनेक घरांनी मौन पत्करले आणि मुले उसन्या आडनावानेच वाढली.

१०/ त्या मुलाखतींचे टंकलिखित जबाब आज अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. नातवंडे ते वाचून पूर्वजांचे गाव शोधतात. त्यातली कोणती विहीर खरी आणि कोणती पाठ केलेली, हे सांगणारे मात्र आता फारसे कोणी उरलेले नाही. काही थडग्यांवर दोन आडनावे दिसतात: इंग्रजी लिपीत सरकारदप्तरी लागलेले आणि चिनी लिपीत जन्माचे. जिवंतपणी जे बोलता आले नाही, ते त्यांनी दगडावर लिहवून घेतले.