हेल्महोल्ट्झ वेटोळी

बऱ्याच मोठ्या जागेत जवळजवळ एकविध चुंबकीय क्षेत्र निर्माण करणारी दोन वेटोळ्यांची जोडी. जर्मन शास्त्रज्ञ हेरमान फोन हेल्महोल्ट्झ (१८२१–९४) यांच्या नावावरून ती ओळखली जाते.

दोन्ही वर्तुळाकार वेटोळी सारख्या त्रिज्येची व सारख्या वेढ्यांची असून एकाच अक्षावर समांतर बसवतात. त्यांतील अंतर त्रिज्येइतके ठेवून दोहोंतून एकाच दिशेने समान प्रवाह सोडतात. एकट्या वेटोळ्याचे क्षेत्र अक्षावर केंद्रापासून दूर जाताना घटत जाते. जोडीत मात्र एकाची घट दुसऱ्याच्या वाढीने भरून निघते. वेटोळ्यांतील अंतर त्रिज्येहून कमी असल्यास मध्यभागी क्षेत्राचा उंचवटा आणि जास्त असल्यास खळगा निर्माण होतो.

मध्यबिंदूपाशी क्षेत्र (टेस्ला) = ८.९९ × १०⁻⁷ × प्रत्येक वेटोळ्यातील वेढे × प्रवाह (अँपिअर) ÷ त्रिज्या (मीटर). उदा., १५ सेंमी. त्रिज्येच्या व प्रत्येकी १३० वेढ्यांच्या वेटोळ्यांतून १ अँपिअर प्रवाह गेल्यास सु. ०.७८ मिलिटेस्ला क्षेत्र मिळते. पृथ्वीच्या पृष्ठभागावरील क्षेत्र ०.०२५ ते ०.०६५ मिलिटेस्ला असते.

इलेक्ट्रॉनाचा विद्युत् भार व वस्तुमान यांचे गुणोत्तर काढणे, चुंबकीय क्षेत्रमापकांचे अंशन करणे आणि प्रयोगाच्या जागेतील भूचुंबकीय क्षेत्र निष्प्रभ करणे यांसाठी ही रचना वापरतात. शेवटच्या उपयोगासाठी परस्परांस लंब अशा तीन जोड्या लागतात. दोन वेटोळ्यांतील प्रवाह विरुद्ध दिशांना असल्यास मध्यबिंदूपाशी क्षेत्र शून्य होऊन तेथून सर्व बाजूंना वाढत जाते. लेसरने थंड केलेले अणू पकडून ठेवणाऱ्या सापळ्यांत अशी मांडणी असते.