कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत

पुणे आणि पिंपरी-चिंचवड या शहरांतील कचरावेचक व फिरते भंगार खरेदीदार यांची कामगार संघटना. स्थापना १९९३. सभासदांत स्त्रिया बहुसंख्य आहेत. त्यांतील बऱ्याच जणी दलित समाजातील असून अनेकींची कुटुंबे १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आली. वंचितांसाठी काम करणाऱ्या संस्था एरवी शाळा, दवाखाना किंवा मदतवाटपापासून सुरुवात करतात. या संघटनेने पहिला प्रश्न विचारला तो मालकीचा: रस्त्यावरच्या कुंडीतला कचरा कोणाचा?

पार्श्वभूमी : श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाच्या प्रौढ व निरंतर शिक्षण विभागातील कार्यकर्त्या १९९०च्या सुमारास पुण्यातील कचरावेचक बायका-मुलांमध्ये काम करीत होत्या. पौर्णिमा चिकरमाने आणि लक्ष्मी नारायण या त्यांतील प्रमुख. साक्षरतेच्या वर्गांतून एक व्यवहारी गोष्ट पुढे आली. घरातच ओला-सुका कचरा वेगळा करून मिळाला, तर कुंडीत हात घालावा लागत नाही, माल स्वच्छ मिळतो आणि त्याला भावही बरा येतो. त्याच सुमारास घरोघरचा कचरा उचलण्याचा धंदा सुरू करण्याच्या खटपटीत एक उद्योजक होता. तसे झाले असते तर या बायकांचा मालच गेला असता. त्या विरोधातून संघटनेची गरज पटली आणि मे १९९३मध्ये कचरावेचकांची परिषद भरली. हमाल पंचायतीचे नेते बाबा आढाव यांचे मार्गदर्शन मिळाल्याने संघटनेला कामगार चळवळीचे वळण लागले, आणि पुढच्या सगळ्या वाटचालीच्या दृष्टीने ते निर्णायक ठरले.

ओळखपत्र : कुंड्या धुंडाळणारी बाई पोलिसांच्या लेखी चोर आणि सोसायटीच्या लेखी उपद्रव असे. १९९५-९६च्या सुमारास पुणे महानगरपालिकेने संघटनेच्या ओळखपत्रांवर मोहोर उमटवली. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या कार्डामुळे कचरा वेचणे हे काम आहे, ही गोष्ट पहिल्यांदा सरकारी कागदावर आली. त्याच आधारे २००२-०३मध्ये महापालिकेकडून आरोग्य विमा मिळाला. अस्वच्छ व्यवसायांतील पालकांच्या मुलांसाठी असलेली शिष्यवृत्ती कचरावेचकांच्या मुलांनाही मिळावी, यासाठी संघटनेने पाठपुरावा केला. कचरावेचक शहराचा वाहतुकीचा खर्च वाचवतात आणि कारखान्यांना कच्चा माल पुरवतात, तेव्हा हा विमा म्हणजे उपकार नव्हे, असा संघटनेचा युक्तिवाद होता. तो बिनतोड होता.

दुकान व पतसंस्था : वेचलेला माल घरी किंवा रस्त्याकडेला बसून निवडावा लागतो. पांढरा कागद वेगळा, पुठ्ठा वेगळा. दुधाच्या पिशव्या, बाटल्या, पत्रा, बीड यांचे ढीग निराळे. मग तो भंगारवाल्याकडे काट्यावर जातो. वजनात मार खाणे, ओला माल म्हणून घट धरणे हे नेहमीचे. पण अडीनडीला उचल देणाराही तोच, त्यामुळे दुकान बदलणे सोपे नसते. संघटनेने स्वतःची भंगार दुकाने काढली आणि सभासदांसाठी पतसंस्था उभारली, ती ही गाठ सोडवण्यासाठी. मात्र सगळे सभासद काही या दुकानांकडे वळले नाहीत. भंगारवाल्याशी असलेले जुने देणेघेणे इतक्या सहजी तुटत नाही.

‘स्वच्छ’ सहकारी संस्था : २०००च्या घनकचरा नियमांनी घरोघरी कचरा गोळा करणे महापालिकांवर बंधनकारक केले. हे काम ठेकेदारांच्या हाती गेले असते, तर कुंड्यांसोबत कचरावेचकांची रोजीही गेली असती. म्हणून संघटनेच्या पुढाकाराने ‘स्वच्छ’ ही कचरावेचकांचीच सहकारी संस्था निघाली आणि २००८मध्ये पुणे महापालिकेशी तिचा पाच वर्षांचा करार झाला. दोघीदोघींच्या जोड्या ढकलगाडी घेऊन दारोदार जातात, ओला कचरा महापालिकेच्या गाडीत टाकतात आणि सुका निवडून विकतात. महापालिका त्यांना पगार देत नाही. रहिवासी दरमहा ठरलेले शुल्क थेट त्यांच्या हातात देतात. त्यामुळे त्या कोणाच्या नोकर नाहीत, पण एखाद्या घराने पैसे थकवले की तोटाही त्यांचाच.

कचरा निवडताना वापरलेले सॅनिटरी पॅड हाताळावे लागणे, ही या कामातली सर्वांत किळसवाणी बाब. ते कागदात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढावा, अशी मोहीम ‘स्वच्छ’ने चालवली. वापरलेले पॅड उत्पादक कंपन्यांकडे परत पाठवून त्यांना जाबही विचारला. २०१६च्या घनकचरा नियमांनी पॅडसोबत वेष्टन देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली, आणि कचरावेचकांना व्यवस्थेत सामावून घेण्यास स्थानिक संस्थांना सांगितले.

मर्यादा : पहिल्या कराराची मुदत संपल्यावर नूतनीकरणाचा प्रश्न पुन्हापुन्हा उभा राहिला. मुदतवाढीवर काम चालू राहते तेव्हा निवडशेडची जागा, गाड्यांची दुरुस्ती, हातमोजे अशा साध्या गोष्टीही अडकून पडतात. शिवाय वेफर्सच्या पुड्यांसारखे बहुस्तरीय प्लॅस्टिक वाढत चालले आहे. ते उचलायचे, निवडायचे, पण भंगार बाजारात त्याला गिऱ्हाईक मिळणे मुश्कील.