स्वयंसिद्ध, गृहीत आणि साध्य

इंग्रजीतला ‘ॲक्सियम’ हा शब्द आता आपल्याला फारसा परका राहिलेला नाही. इंग्रजी अग्रलेखात, न्यायालयाच्या निकालपत्रात, अर्थशास्त्राच्या पुस्तकात तो अधूनमधून भेटतो. अमुक गोष्ट ‘ॲक्सियमॅटिक’ आहे असे म्हटले, की त्यावर आता वाद नको, असे बोलणाऱ्याला सुचवायचे असते. मराठीत आपण त्यासाठी ‘स्वयंसिद्ध सत्य’ असा शब्दप्रयोग करतो. जे सिद्ध करावे लागत नाही, जे आपले आपणच सिद्ध आहे, ते स्वयंसिद्ध. शब्दकोशापुरते हे बरोबर आहे. पण या शब्दाचा इतिहास पाहू लागले की वेगळेच काही दिसते. वाद मिटवण्यासाठी वापरलेल्या या शब्दाभोवती फार मोठे वाद झाले, आणि एका वादात तर माणसाला माणूस म्हणायचे की नाही हाच प्रश्न होता.

आधी शब्दाचे मूळ पाहू. ग्रीक भाषेत ‘ॲक्सिऑस’ म्हणजे लायक, योग्य, ज्याचे वजन तराजूत पुरेसे भरते असा. त्यावरून ‘ॲक्सिओमा’ म्हणजे जे मानायला योग्य ठरले आहे ते. म्हणजे मूळ शब्दात ‘आपोआप दिसणारे सत्य’ असा अर्थ नव्हताच. कोणी तरी ते तोलले आहे आणि मान्य करण्याजोगे ठरवले आहे, असा त्याचा रोख होता. ॲरिस्टॉटलने हा शब्द तर्कशास्त्रात आणला. काही शिकायचे असेल तर ज्या गोष्टी आधीच हाताशी असाव्या लागतात, त्यांना त्याने हे नाव दिले.

गंमत अशी, की ज्याच्यामुळे हा शब्द जगभर गेला त्या युक्लिडने तो स्वतः वापरलेला नाही. इसवी सनापूर्वी ३००च्या सुमारास अलेक्झांड्रियात त्याने भूमितीचे तेरा खंड रचले. प्रारंभी त्याने व्याख्या दिल्या आणि मग दोन याद्या दिल्या. एका यादीला त्याने ‘सर्वसामान्य कल्पना’ म्हटले. समान राशींत समान राशी मिळवल्या तर बेरजा समान येतात, किंवा पूर्ण हे भागापेक्षा मोठे असते, अशी विधाने तिच्यात आहेत. दुसऱ्या यादीला त्याने जो शब्द वापरला, त्याचा सरळ अर्थ ‘मागण्या’ असा होतो. कोणत्याही दोन बिंदूंतून रेषा काढता येते एवढे मला द्या, सगळे काटकोन समान असतात एवढे मान्य करा, म्हणजे पुढचे सगळे मी सिद्ध करून दाखवतो, असा हा करार होता. इंग्रजीत पहिल्या प्रकाराला पुढे ‘ॲक्सियम’ आणि दुसऱ्याला ‘पॉश्च्युलेट’ म्हणू लागले. आपल्या शाळेच्या पुस्तकांनी ‘गृहीतक’ हा नेमका शब्द ठेवला आहे. गृहीत म्हणजे घेतलेले. ते आपोआप उगवत नाही, घ्यावे लागते.

युक्लिडचा हा ग्रंथ अरबीमार्गे आपल्याकडेही आला. जयपूरच्या सवाई जयसिंहाच्या आश्रयाला असलेल्या जगन्नाथ सम्राट यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात नसीरुद्दीन तुसीच्या अरबी पाठावरून ‘रेखागणित’ या नावाने त्याचे संस्कृत रूप सिद्ध केले. विसाव्या शतकाच्या प्रारंभी ते मुंबईहून छापूनही निघाले. आपल्या गणितपरंपरेत ‘उपपत्ती’ होती, म्हणजे नियम का खरा आहे याचे विवेचन होते. पण आरंभीची गृहीतके मोजून मांडायची आणि त्यांवर सगळी इमारत चढवायची, ही रीत युक्लिडची.

या रीतीची युरोपावर इतकी छाप होती, की प्रत्येक शास्त्राला आपले ‘ॲक्सियम’ हवेसे वाटू लागले. न्यूटन यांनी १६८७मध्ये गतीचे तीन नियम मांडले तेव्हा त्यांना शीर्षकच ‘ॲक्सियम, अथवा गतीचे नियम’ असे दिले. बाहेरून बल लागले नाही तर गतिमान वस्तू सरळ रेषेत चालतच राहते, हे काही डोळ्यांना दिसणारे सत्य नव्हे. ढकललेली गाडी थोड्या वेळाने थांबतेच. तरीही न्यूटन यांनी ते पायाशी ठेवले, कारण त्यावर उभारलेली इमारत टिकत होती. त्याच काळात जॉन लॉक यांनी मनुष्याच्या आकलनावरील निबंधात अशा तत्त्वांसाठी ‘स्वतःच स्पष्ट असलेली’ या अर्थाचा इंग्रजी शब्द वारंवार वापरला. हाच शब्द पुढे समुद्रापार गेला.

१७७६च्या जून महिन्यात फिलाडेल्फियात टॉमस जेफरसन अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहीत होते. सर्व माणसे समान निर्माण झाली आहेत, या सत्यांना त्यांनी मसुद्यात ‘पवित्र आणि नाकारता न येणारी’ म्हटले होते. नंतर ते शब्द खोडले गेले आणि त्या जागी ‘स्वयंसिद्ध’ या अर्थाचा शब्द आला. हा बदल बेंजामिन फ्रँकलिन यांनी सुचवला असे पुष्कळजण सांगतात, जेफरसन यांनीच तो केला असेही काही अभ्यासक मानतात. बदल कोणीही केलेला असो, त्याचा अर्थ मोठा आहे. ‘पवित्र’ हा शब्द धर्माचा होता, ‘स्वयंसिद्ध’ हा भूमितीचा. राजाविरुद्धचे बंड आता युक्लिडच्या प्रमेयासारखे मांडले गेले : आधी गृहीतके, मग राजाच्या अपराधांची यादी आणि शेवटी निष्कर्ष.

पण हे लिहिणाऱ्या जेफरसन यांच्या मालकीत आयुष्यभरात सहाशेहून अधिक गुलाम होते. जे विधान स्वयंसिद्ध आहे असे जगाला सांगितले, ते लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या शेतावर दिसत नव्हते. मला या साऱ्या इतिहासात सर्वांत विचार करायला लावणारी गोष्ट हीच वाटते. जे दिसत नाही, किंबहुना ज्याच्या उलटच सगळीकडे दिसते, त्याला स्वयंसिद्ध कसे म्हणायचे?

हा प्रश्न अमेरिकेतील गुलामगिरीच्या कैवाऱ्यांनी बरोबर हेरला. २७ जून १८४८ रोजी सिनेटमध्ये जॉन कॅल्हून यांनी भाषण केले. सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान असतात हे विधान अटलांटिकच्या दोन्ही काठांवरील बहुसंख्य लोकांच्या मनात ‘ॲक्सियम’ होऊन बसले आहे, अशी त्यांची तक्रार होती. त्यांच्या मते ते साफ खोटे होते आणि सर्व राजकीय चुकांमध्ये सर्वांत घातक होते. १८५४मध्ये इंडियानाचे सिनेटर जॉन पेटिट यांनी त्याच्याही पुढची पायरी गाठली. हे स्वयंसिद्ध सत्य नसून स्वयंसिद्ध असत्य आहे, असे त्यांनी सुनावले.

कॅल्हून यांच्या भाषणाला महिनाही झाला नव्हता, तोच न्यूयॉर्क राज्यातील सेनेका फॉल्स या गावी स्त्रियांची परिषद भरली. एलिझाबेथ कॅडी स्टँटन यांनी तिथे जो जाहीरनामा मांडला, तो जेफरसन यांच्याच साच्यावर बेतलेला होता. फक्त ‘सर्व माणसे’ या अर्थाच्या पुरुषवाचक शब्दापुढे त्यांनी ‘आणि स्त्रिया’ हे शब्द जोडले. बहात्तर वर्षे जे वाक्य पूर्ण वाटत होते, त्यात निम्मी माणसे आलीच नव्हती हे त्या दोन शब्दांनी दाखवून दिले. स्त्रियांना मताचा हक्क देणारी घटनादुरुस्ती अमेरिकेत यायला मात्र १९२० साल उजाडले.

दुसरे उत्तर फ्रेडरिक डग्लस यांचे. ते स्वतः गुलामगिरीतून निसटून आलेले. ५ जुलै १८५२ रोजी रॉचेस्टर इथे त्यांनी जे भाषण केले, त्यातला युक्तिवाद आजही थक्क करतो. गुलाम हा माणूस आहे हे मी सिद्ध करायचे का, असे त्यांनी विचारले. ते तर तुम्ही आधीच मान्य केले आहे. व्हर्जिनिया राज्यात काळ्या माणसाला देहांताची शिक्षा होईल असे बहात्तर गुन्हे आहेत. त्यांपैकी फक्त दोन गुन्ह्यांसाठी गोऱ्याला ती शिक्षा होते. शिक्षा माणसालाच देतात, कारण बरेवाईट त्यालाच कळते. गुलामाला लिहावाचायला शिकवू नये असे कायदे तुम्ही केलेत. शेतातल्या गुराढोरांसाठी असा कायदा कोणी केला आहे काय? म्हणजे जे तोंडाने नाकारले जात होते, ते कायद्याच्या पुस्तकात कबूल केलेले होते. स्वयंसिद्ध गोष्ट सिद्ध करत बसायचे नसते. ती नाकारणाराच ती कशी गृहीत धरतो, हे दाखवायचे असते.

आणि मग अब्राहम लिंकन. वकिली करणाऱ्या या माणसाने काँग्रेसचे सभासद झाल्यानंतर युक्लिडचे पहिले सहा खंड नेटाने अभ्यासले होते. त्यांनी स्वतःच आपल्या छोट्या आत्मवृत्तात तशी नोंद केली आहे. एप्रिल १८५९मध्ये बॉस्टनला जेफरसन यांच्या जयंतीचा समारंभ होता. लिंकन यांना निमंत्रण होते. जाता येणार नव्हते, म्हणून त्यांनी पत्र पाठवले. त्या पत्रात ते म्हणतात, की शहाण्या मुलाला युक्लिडची सोपी प्रमेये पटवून देता येतील, पण जो व्याख्या आणि ‘ॲक्सियम’च नाकारतो त्याच्यापुढे कोणाचेही काही चालणार नाही. जेफरसन यांची तत्त्वे ही मुक्त समाजाची अशीच पायाभूत तत्त्वे आहेत, आणि तरीही कोणी त्यांना पोकळ डामडौल म्हणतो, कोणी स्वयंसिद्ध असत्ये म्हणतो, तर कोणी ती फक्त वरच्या वंशांनाच लागू आहेत असे सांगतो.

साडेचार वर्षांनी, १९ नोव्हेंबर १८६३ रोजी, यादवी युद्धात पडलेल्या सैनिकांच्या दफनभूमीवर गेटिसबर्ग इथे लिंकन जेमतेम दोन-तीन मिनिटे बोलले. तिथे त्यांनी १७७६ची आठवण दिली. पण सर्व माणसे समान आहेत या विधानाला त्यांनी तिथे स्वयंसिद्ध सत्य म्हटले नाही. त्यांनी ‘प्रपोझिशन’ हा शब्द वापरला, म्हणजे युक्लिडच्या ग्रंथात जे सिद्ध करून दाखवायचे असते ते. युक्लिड इतका पचवलेल्या माणसाने हा शब्द सहज वापरला असेल असे मला वाटत नाही. गुलामगिरी जिवंत होती, हजारो तरुण मातीत गेले होते, अशा वेळी ते सत्य आपोआप दिसते असे कसे म्हणणार? ते आता सिद्ध करण्याचे काम होते, आणि ते काम जिवंत राहिलेल्यांनी करायचे होते. १८६५मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी कायद्याने संपली.

इकडे गणितातही या शब्दाचे तेज त्याच शतकात बदलत होते. युक्लिडची पाचवी मागणी समांतर रेषांविषयीची. ती इतर चारांइतकी सोपी नव्हती, म्हणून ती सिद्ध करण्याची खटपट शतकानुशतके चालली होती. १८२९मध्ये रशियातील लोबाचेव्हस्की यांनी आणि १८३२मध्ये हंगेरीतील यानोश बोयाई यांनी दाखवले, की ती बाजूला ठेवून दुसरीच मागणी घेतली तरी विसंगती न येता वेगळी भूमिती उभी राहते. १८९९मध्ये जर्मनीच्या हिल्बर्ट यांनी भूमितीच्या पायाची नव्याने मांडणी केली. तेव्हापासून गणितात ‘ॲक्सियम’ म्हणजे उघड दिसणारे सत्य राहिले नाही. विचारपूर्वक घेतलेले आणि त्याच्या परिणामांसह स्वीकारलेले गृहीत, एवढाच त्याचा अर्थ उरला.

अमेरिकेतल्या या वादाचा धागा आपल्यापर्यंतही येतो. महात्मा फुले यांनी १८७३मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, ते गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण करून. पुढे न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६मध्ये जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील आपल्या न झालेल्या भाषणात हाच प्रश्न समोरासमोर घेतला. माणसे समान नसतात, हा विरोधकांचा आक्षेप त्यांनी टाळला नाही. शक्ती, वारसा, प्रयत्न यांत माणसे वेगळी असतात हे त्यांनी मान्य केले. समता ही एक कल्पितकथा असेलही, पण तरीही व्यवहाराचे नियामक तत्त्व म्हणून ती स्वीकारलीच पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. हे युक्लिडच्या ‘मागणी’च्या फार जवळचे आहे. समता दिसते म्हणून मानायची नाही, समाज न्यायाने चालायचा असेल तर ती आधी मान्य करावी लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतही त्यांनी बजावले, की २६ जानेवारी १९५०ला आपण विसंगतीच्या आयुष्यात पाऊल टाकत आहोत. राजकारणात समता आणि सामाजिक, आर्थिक जीवनात विषमता.

आपल्या शाळेतल्या भूमितीच्या वहीत प्रत्येक प्रमेयाखाली ओळी असत : पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे जे दिलेले आहे ते, साध्य म्हणजे जे दाखवायचे आहे ते. मराठीत ‘साध्य’ या शब्दाला दुसराही अर्थ आहे, जे मिळवायचे आहे ते. राज्यघटनेच्या चौदाव्या कलमात समता आपल्याला दिलेली आहे, म्हणून ती पक्षात आहे. पण विहिरीवर, वसतिगृहात, लग्नाच्या बैठकीत, नोकरीच्या मुलाखतीत ती अजून साध्याच्या ओळीत आहे. या दोन ओळींच्या खाली सिद्धतेसाठी जी जागा मोकळी सोडलेली असते, ती ज्याची त्यालाच भरावी लागते.