सुट्टीची शाळा, बिनपगारी शिक्षक

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांना कुठे गुंतवायचे, हा प्रश्न आपल्याकडे जसा पडतो तसाच अमेरिकेतही पडतो. आपल्याकडे त्यावर छंदवर्ग आणि संस्कार शिबिरे निघाली. तिकडे जून-जुलैत चर्चच्या आवारात आठवडाभराची 'व्हॅकेशन बायबल स्कूल' भरते. कागद कापून केलेले नोहाचे तारू, हातवारे करत म्हणायची गाणी, मधल्या वेळची बिस्किटे आणि सरबत. या सगळ्यामागे धावपळ करणारी जी माणसे असतात, त्यांत बायका जास्त आणि त्यांच्या मदतीला शाळेच्या वरच्या वर्गांतली मुलेमुली. पगार कुणालाच नसतो. कॅथलिक चर्चमध्ये ही शाळा कशी आली याचा शोध घेऊ लागलो, की बिशप आणि पोपांच्या नावांआड ही बिनपगारी माणसे सतत दिसत राहतात. त्यांचा हिशेब मात्र कुठे मांडलेला दिसत नाही.

मुळात ही शाळा कॅथलिकांची नव्हे. १८९८ साली न्यूयॉर्कच्या ईस्ट साइड भागात एलायझा हॉज या बाप्टिस्ट पंथाच्या बाईंनी उन्हाळ्यात रस्त्यावर हुंदडणाऱ्या गरिबांच्या मुलांसाठी एक बियरचा गुत्ता भाड्याने घेऊन तिथे बायबलचे वर्ग भरवले. सकाळी तो रिकामाच असे. १९०१पासून रॉबर्ट बोव्हिल या बाप्टिस्ट कार्यकर्त्याने ही कल्पना उचलली आणि कॉलेजच्या विद्यार्थ्यांना शिक्षक म्हणून घेत शहरभर पसरवली. शिक्षक सुट्टीत मोकळे, इमारती मोकळ्या, मुलेही मोकळी. तीन रिकाम्या गोष्टी एकत्र आणायच्या, एवढीच युक्ती होती.

कॅथलिकांचा भर तेव्हा वेगळ्या गोष्टीवर होता. १८८४मध्ये बाल्टिमोरला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने प्रत्येक चर्चजवळ कॅथलिक शाळा असावी असा आदेश दिला होता. शहरांत तो बऱ्याच अंशी पाळला गेला, कारण तिथे आयरिश, जर्मन, पोलिश स्थलांतरितांची दाट वस्ती होती आणि जवळजवळ फुकटात शिकवणाऱ्या धर्मभगिनी होत्या. खेड्यांत मात्र दहा-वीस मैलांच्या परिघात मोजकी कॅथलिक कुटुंबे असत. शाळा काढायची कुणासाठी आणि कुणाच्या पैशावर? त्यातच १९१०मध्ये पोप दहावे पायस यांनी प्रथम ख्रिस्तप्रसादाचे वय सातव्या वर्षाच्या आसपास आणले. म्हणजे सात वर्षांच्या मुलाला तयार करायचे, आणि ज्या धर्मगुरूने ते करायचे तो महिन्यातून एखाद्या रविवारी येणार!

हा प्रश्न अंगावर घेणारे धर्मगुरू म्हणजे एडविन ओहारा. जन्म १८८१चा, मिनेसोटातल्या लेन्सबरो गावच्या शेतकरी कुटुंबातला. पण त्यांचे नाव आधी झाले ते वेगळ्याच कारणाने. ऑरेगन राज्यातल्या पोर्टलंड शहरात असताना त्यांनी कामगार स्त्रियांच्या पगाराचा प्रश्न हाती घेतला. कॅरोलाइन ग्लीसन ही तरुण शिक्षिका स्वतः कारखान्यांत काम करून बायकांना किती मजुरी मिळते, त्यात त्यांचे पोट भरते का, याची पाहणी करत होती. तिने गोळा केलेल्या आकड्यांच्या बळावर १९१३ साली ऑरेगनमध्ये स्त्रियांसाठी किमान वेतनाचा कायदा झाला. तो राबवणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष होते फादर ओहारा. खोकी तयार करणाऱ्या एका कारखानदाराने आयोगाला कोर्टात खेचले. 'स्टेटलर विरुद्ध ओहारा' हा खटला थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. १९१७मध्ये न्यायमूर्तींची मते चार विरुद्ध चार अशी पडली, आणि त्यामुळे खालच्या कोर्टाने उचलून धरलेला कायदा टिकला. बाईच्या श्रमाचे मोल पैशात मोजले पाहिजे हे कोर्टापर्यंत जाऊन लढणारा हा माणूस होता, एवढे इथे लक्षात ठेवू.

१९२० साली ओहारांनी खेड्यांतल्या कॅथलिकांच्या शिक्षणावर एक पाहणी मांडली आणि स्वतः शहर सोडून ऑरेगनच्याच लेन काउंटीतल्या यूजीन गावचे धर्मग्राम मागून घेतले. १९२१च्या उन्हाळ्यात त्या भागात सुट्टीतले धर्मवर्ग सुरू झाले. हिशेब साधा होता. शहरातल्या कॅथलिक शाळांना सुट्टी लागली की धर्मभगिनी मोकळ्या होतात, त्यांना काही आठवडे खेड्यात बोलवायचे. सेमिनरीतल्या विद्यार्थ्यांनाही सुट्टी असते, त्यांना जोडीला घ्यायचे. चर्च असेल तिथे चर्चमध्ये, नसेल तिथे मिळेल त्या जागेत वर्ग भरवायचा. प्रार्थना, बायबलमधल्या गोष्टी, भजने, थोडे हस्तकाम, थोडे खेळ. धर्मभगिनींचा मुक्काम गावातल्या कुटुंबाकडे. शेतावरच्या मुलांना आणणे-पोहोचवणे, सर्वांना जेवू घालणे ही कामे गावातल्या बायकांची. वर्षाच्या उरलेल्या महिन्यांत टपालाने धडे पाठवायचे, आणि ते मुलांकडून करून घ्यायचे आईने.

ही सोय किती नाजूक वेळी निघाली, ते पुढच्याच वर्षी कळले. नोव्हेंबर १९२२मध्ये ऑरेगनच्या मतदारांनी आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना सरकारी शाळेतच घालण्याची सक्ती करणारा कायदा सार्वमताने मंजूर केला. त्यामागे इतरांबरोबर कू क्लक्स क्लॅनचा जोर होता आणि रोख उघडपणे कॅथलिक शाळांवर होता. कायदा १९२६पासून लागू व्हायचा होता. तो टिकला असता तर ऑरेगनमधल्या कॅथलिक मुलांना धर्म शिकवायला शाळेचे तास सोडून उरलेला वेळ, म्हणजे मुख्यतः सुट्टीच, हाती राहिली असती. कायद्याला कोर्टात आव्हान दिले ते 'सिस्टर्स ऑफ द होली नेम्स' या धर्मभगिनींच्या संस्थेने, आणि १ जून १९२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो एकमताने रद्द केला. मुलांनी कुठल्या शाळेत शिकायचे हे ठरवण्याचा पालकांचा हक्क मान्य करणारा हा निकाल अमेरिकेत आजही आधाराला घेतला जातो. कारखान्यांत राबून मजुरीचे आकडे गोळा करणारी कॅरोलाइन ग्लीसन तोवर याच संस्थेत दाखल होऊन सिस्टर मिरियम थेरेसा झाली होती.

खटला जिंकला तरी सुट्टीतले वर्ग थांबले नाहीत, उलट वाढले. ओहारांनी १९२३मध्ये ग्रामीण कॅथलिकांची राष्ट्रीय परिषद स्थापली आणि तिच्यामार्फत ही पद्धत राज्याराज्यांत गेली. १९३०मध्ये ते मोंटानातल्या ग्रेट फॉल्सचे बिशप झाले आणि पुढे कॅन्सस सिटीचे. ख्रिस्ती शिकवणीच्या मंडळाचे काम देशभर बांधण्याची जबाबदारी बिशपांनी त्यांच्याकडे दिली. हे मंडळ प्रत्येक धर्मग्रामात असावे असा पोप पायस यांचा १९०५चा आदेश होता. तो कागदावरून उतरला तो बऱ्याच अंशी अशा वर्गांमुळे.

११ सप्टेंबर १९५६ रोजी, असिसीच्या एका परिषदेला जाताना, ओहारांचे वाटेत मिलान शहरात निधन झाले. योगायोग असा की ते ज्या कामासाठी ओळखले जातात त्याचा उगमही मिलानचाच. १५३६ साली कास्तेलिनो द कास्तेल्लो या धर्मगुरूने आणि त्याच्या सोबत्यांनी सफरचंदांचे आमिष दाखवून रस्त्यावरची पोरे गोळा केली आणि त्यांना प्रार्थना शिकवायला सुरुवात केली. हे वर्ग रविवारी आणि सणावारी भरत, कारण कामावर जाणारी मुले तेवढीच मोकळी असत. शिकवणारे बहुतेक प्रापंचिक, मुलग्यांना पुरुष आणि मुलींना बायका. पुढे ट्रेंटच्या परिषदेने रविवारच्या शिकवणीचा नियम केला. तो होण्याआधीच पोरे सफरचंदे खाऊन क्रूसाची खूण शिकली होती.

आपल्याकडे हीच पद्धत फार लवकर पोहोचली. १५४२मध्ये गोव्यात उतरलेला फ्रान्सिस झेवियर हातात घंटा घेऊन रस्त्यारस्त्यांतून मुलांना आणि गुलामांना शिकवणीला बोलवत फिरे. मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचणाऱ्या थॉमस स्टीफन्सने कोंकणीत प्रश्नोत्तरांची शिकवण लिहिली. ती त्याच्या मृत्यूनंतर, १६२२ साली, राचोलला छापली गेली. पुस्तकाला कर्ता असतो, म्हणून स्टीफन्सचे नाव आपल्याला ठाऊक आहे. ती प्रश्नोत्तरे घरोघरी मुलांकडून घोकून घेणाऱ्या आयांची आणि आज्यांची नावे कुणी लिहून ठेवली नाहीत.

अमेरिकेत हा पडदा उठला तो नाइलाजाने. १९६५च्या सुमारास तिथे जवळजवळ १,८०,००० धर्मभगिनी होत्या, आज ४०,०००सुद्धा नाहीत. उन्हाळ्यात खेड्यात पाठवायला कुणी उरले नाही. जो भार त्या वाहत होत्या तो मुलांच्या आयांवर आणि निवृत्त शिक्षिकांवर आला. कित्येक आठवड्यांचा वर्ग आक्रसून पाच दिवसांचा झाला, कारण नोकरी करणाऱ्या बाईला तेवढीच रजा मिळते. गाणी, सजावट आणि हस्तकामाचे तयार संच प्रॉटेस्टंट प्रकाशकांकडून येऊ लागले, आणि त्यांत मारिया, संत आणि संस्कार कुठे बसवायचे हे स्वयंसेविका स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठरवू लागल्या.

मग २००२ साल आले. धर्मगुरूंनी केलेले मुलांचे लैंगिक शोषण आणि वरिष्ठांनी त्यावर घातलेले पांघरूण बॉस्टनच्या वृत्तपत्राने उघड केले. जूनमध्ये डॅलसला जमलेल्या बिशपांनी बालसंरक्षणाची सनद मंजूर केली. तेव्हापासून मुलांमध्ये काम करणाऱ्या स्वयंसेवकांचीही पार्श्वभूमी तपासली जाते आणि त्यांना प्रशिक्षण घ्यावे लागते. हे आवश्यकच होते. पण त्यातली एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. विश्वास मोडला तो अधिकाराच्या जागेवरच्या माणसांनी. तो पुन्हा कमावण्याचे काम मात्र सरबत ढवळणाऱ्या बाईच्याही वाट्याला आले. ती अर्ज भरते, प्रशिक्षणाला बसते, आणि सोमवारी सकाळी वर्गात हजर असते.

१० मे २०२१ रोजी पोप फ्रान्सिस यांनी धर्मशिक्षकाच्या कामाला चर्चमधली अधिकृत प्रापंचिक सेवा म्हणून मान्यता दिली. यूजीनच्या त्या उन्हाळ्याला तेव्हा बरोबर शंभर वर्षे होत होती. मान्यता चांगलीच, पण ती दीर्घकाळ वाहून घेणाऱ्यांसाठी आहे. पाच दिवसांची रजा काढून येणारी बाई तिच्यात बसत नाही.

ओहारांवर ढोंगीपणाचा आरोप करायचे कारण नाही. स्वतःच्या खुशीने दिलेले श्रम आणि पोटासाठी विकावे लागणारे श्रम यांत फरक आहे, आणि तो त्यांना नक्कीच कळत होता. परंतु किमान वेतनासाठी लढताना त्यांच्या बाजूने जे सर्वांत मोठे शस्त्र होते ते ग्लीसनबाईंची वही: कोण किती तास राबते, तिला काय मिळते, तिचे काय खर्च होते. देणाऱ्याने पैसे नाकारले म्हणून त्याच्या कामाची नोंद करणेही टाळावे असे नाही. सुट्टीतल्या शाळेसाठी तशी वही कुणी घातली असती, तर कॅथलिक चर्चच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना बिशपांच्या यादीपेक्षा ती जास्त उपयोगी पडली असती.