सुवालीचा चिखल आणि एक हरवलेली नोंदवही



ज्यांच्या स्मृत्यर्थ आजचे व्याख्यान योजले आहे, ते आपले गुरुजी या शाळेत भूगोल शिकवीत. मी आयुष्यभर मराठी शिकविले आणि बखरींवर प्रबंध लिहिला. विषय निवडताना मला हजीरा-सुवालीचे बंदर आठवले, आणि त्या बंदराच्या चिखलात फाल्गुन महिन्यात दिसणारे पक्षी आठवले. या दोहोंचा इतिहास एकच आहे, असे गुरुजी म्हणत. ते मला पटायला फार वर्षे लागली. त्या विलंबापायी एक नुकसान झाले आहे, आणि त्याचा दोष माझ्याकडे आहे. ती हकीकतही आज मला सांगावयाची आहे.

प्रथम बंदराविषयी. मराठी वाचकाला सुरत आठवते ती १६६४ आणि १६७० या सालांमुळे. शिवाजी महाराजांच्या स्वारीचे वर्णन आपण पाठ्यपुस्तकात वाचलेले असते. परंतु सुरतेची मोठी जहाजे सुरतेस लागतच नसत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. तापीच्या मुखाशी गाळाचे उंचवटे असल्यामुळे खोल बुडाच्या जहाजांना नदीतून वर येणे कठीण असे. म्हणून ती मुखाच्या उत्तरेस सुवालीच्या किनाऱ्याजवळ नांगर टाकीत. किनारा आणि त्याला समांतर असलेला वाळूचा बांध यांच्यामध्ये तेथे खोल पाण्याची एक चिंचोळी पट्टी होती. ओहोटीला बांध उघडा पडे आणि आतील जहाजांना आडोसा मिळे. माल तेथून लहान होड्यांनी किंवा गाड्यांनी शहरात जाई. इंग्रज या जागेला स्वाली म्हणत.

१६१२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात याच पाण्यात कॅप्टन थॉमस बेस्ट याच्या ‘रेड ड्रॅगन’ आणि ‘होसिएंडर’ या दोन जहाजांनी पोर्तुगीजांच्या चार मोठ्या गलबतांशी झुंज दिली आणि त्यांना मागे हटविले. पुढच्याच वर्षी इंग्रजांना सुरतेस वखारीची परवानगी मिळाली. हिंदुस्थानच्या इतिहासाला वळण देणाऱ्या त्या घटनेत उथळ पाणी, चिखल आणि भरती-ओहोटी यांचा वाटा लहान नव्हता.

हा चिखल येतो कोठून? तापी मुलताईजवळ उगम पावते, सुमारे ७२४ किलोमीटर वाहते आणि हजीऱ्याजवळ समुद्राला मिळते. मध्ये ती सारे खानदेश ओलांडते. जळगाव-धुळे-नंदुरबारची काळी माती ती शतकानुशतके खाली आणीत आली. आपल्यापैकी पुष्कळांचे वाडवडील तापीकाठच्या रेल्वेने पोटासाठी सुरतेस आले. त्यांच्या शेतांतील माती त्यांच्या कितीतरी आधी येथे येऊन पोचली होती. गुरुजी हे वाक्य नकाशावर छडी ठेवून म्हणत, आणि आम्ही मुले हसत असू.

त्या मातीत समुद्राचे पाणी दिवसातून दोनदा चढते आणि उतरते. खंबायतच्या आखाताची भरती देशातील मोठ्या भरत्यांपैकी आहे, त्यामुळे ओहोटीला विस्तीर्ण चिखलपट्टे उघडे पडतात. त्यांत किडे, शिंपले, लहान खेकडे यांची वस्ती असते. उत्तरेकडील देशांत बर्फ पडू लागले की तेथील पक्षी या अन्नासाठी येथे उतरतात. जी माती जहाजांना अडवी, तीच पक्ष्यांना पोसी. बंदर आणि पक्षी यांचा इतिहास एक आहे, तो या अर्थाने.

दोघांचे पंचांगही जवळजवळ एकच होते. युरोपची जहाजे पावसाळा सरता सरता सुवालीस येत आणि हिवाळ्यात, फार तर वसंताच्या तोंडाशी, परतीच्या वाऱ्यावर निघत. इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सप्टेंबर १६१५ मध्ये सुवालीस उतरला आणि फेब्रुवारी १६१९ मध्ये परत निघाला. तुतवार, चिखल्या आणि कोरल यांच्या येण्या-जाण्याचे महिने साधारण हेच आहेत.

मग त्या काळच्या कागदपत्रांत या पक्ष्यांचे काय? बखरींत ते नाहीत. बखरकाराला स्वारी सांगावयाची असे. वखारींच्या दप्तरात नीळ, कापड आणि मिरी यांचा हिशेब मिळतो. पक्ष्याला किंमत नव्हती म्हणून त्याची नोंदही नव्हती. नोंद झाली ती नवलाच्या पक्ष्यांची. खंबायत आणि सुरत या बंदरांचा कारभार पाहणाऱ्या मुकर्रबखानाने १६१२ मध्ये गोव्याहून दुर्मिळ प्राणी आणून जहांगीर बादशहाला नजर केले. त्यांत टर्की नावाचा पक्षी होता. बादशहाने त्याचे बारकाईने वर्णन लिहिले आणि उस्ताद मन्सूर या दरबारी चित्रकाराने त्याचे चित्र काढले.

याहून विलक्षण नोंद पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाची आहे. तो १६२८ पासून काही वर्षे कंपनीच्या नोकरीत हिंदुस्थानात होता. मॉरिशस बेटावरील डोडो पक्ष्यांविषयी लिहिताना तो सहज सांगून जातो की, तेथून आणलेले असे दोन पक्षी आपण सुरतेच्या वखारीत पाहिले होते. मन्सूरच्या हातचे मानले जाणारे डोडोचे एक चित्रही आज रशियात सेंट पीटर्सबर्ग येथे आहे. तो पक्षी सुरतेच्या वाटेनेच मोगल दरबारी गेला असावा, असे काही अभ्यासक मानतात. १६६२ नंतर डोडो जिवंत पाहिल्याची सर्वमान्य नोंद नाही. पृथ्वीवरून नाहीशी झालेली एक जात आपल्या शहरात श्वास घेत होती, हे आज आपल्याला ठाऊक आहे, कारण एका माणसाने दोन ओळी लिहून ठेवल्या. तो पक्षितज्ज्ञ नव्हता. त्याने पाहिले आणि लिहिले.

मराठेशाहीच्या उत्तरकाळात असाच आणखी एक लेखक भेटतो. ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी इंग्रजांशी सुरतेचा तह केला. त्या तहानुसार कर्नल कीटिंग याच्या हाताखाली जी फौज निघाली, तिच्याबरोबर जेम्स फोर्ब्स हा कीटिंगचा चिटणीस म्हणून होता. फोर्ब्सला चित्रकलेचा नाद होता. गुजरातेतील झाडे, फुले, पक्षी तो रेखाटीत असे, आणि १८१३ मध्ये त्याने आपल्या आठवणींचे चार खंड प्रसिद्ध केले. प्रबंधाच्या वेळी मी ते खंड चाळले होते. राघोबादादांचा मजकूर टिपून घेतला आणि पक्ष्यांची पाने उलटून टाकली. हे मी अभिमानाने सांगत नाही.

आता गुरुजींकडे वळतो. १९६५ च्या मार्च महिन्यात, फाल्गुनातल्या एका रविवारी, त्यांनी आम्हा दहा-बारा मुलांना सुवालीस नेले. होप पुलावरून तापी ओलांडायची, रांदेरच्या पुढे मिळेल ते वाहन धरायचे आणि उरलेली वाट पायी, असा तो प्रवास होता. ओहोटी पुरती असताना पक्षी दूर पाण्याच्या कडेला विखुरलेले असतात. भरती चढू लागली की ते किनाऱ्याकडे सरकतात. म्हणून गुरुजी भरतीची वेळ तिथीवरून काढून ठेवीत. आम्ही तिवरांच्या आडोशाला बसलो. पाणी चढत आले आणि त्याच्यापुढे पक्ष्यांची रांग चढत आली. शेकाट्या, तुतवार, चिखल्या, वर भिरभिरणारे सुरय. कुरव पक्ष्यांची डोकी हिवाळ्यात पांढरी असतात. त्या दिवशी कित्येकांच्या डोक्यावर गडद तपकिरी रंग चढू लागला होता. गुरुजी म्हणाले, “बाळांनो, ही त्यांची परतीची तयारी. वीण तिकडे, मध्य आशियात. पोशाख मात्र इथूनच घालून निघतात.”

त्यांनी आम्हाला कोरल मोजावयास सांगितले. लांब, खाली वळलेल्या चोचीचा हा पक्षी चिखलात उठून दिसतो. मी त्रेचाळीस मोजले. माझ्या शेजारच्या मित्राने एक्कावन्न मोजले. खरा आकडा कोणता यावर आमचे भांडण जुंपले. गुरुजींनी वही उघडली आणि दोन्ही आकडे आमच्या नावांसह लिहिले. पुढे हस्तलिखितांचे पाठभेद नोंदविताना मी हेच केले, परंतु ते मला प्रथम कोणी शिकविले याची आठवण तेव्हा झाली नाही.

अशा त्यांच्या सात वह्या होत्या. दर फाल्गुनात किमान दोन खेपा, अशी तीस वर्षांहून अधिक काळाची नोंद. तारीख, तिथी, भरतीची वेळ, वारा, पक्षी, संख्या आणि शेवटच्या रकान्यात किनाऱ्याची स्थिती. या काळात काय काय घडले ते पाहा. १९७२ मध्ये उकाई धरण पूर्ण झाले आणि खानदेशचा बराच गाळ जलाशयात अडू लागला. १९८० च्या दशकात अरबी समुद्रातील वायू नळाने हजीऱ्यास आला. खताचा कारखाना, पोलाद, हजीऱ्याहून उत्तर हिंदुस्थानात जाणारी वायुवाहिनी, धक्के असे एकामागून एक उभे राहिले; २००५ मध्ये द्रवरूप वायूची जहाजेही लागू लागली. आपल्या शाळेच्या शेकडो विद्यार्थ्यांची घरे या कारखान्यांवर उभी राहिली. त्यांना नावे ठेवण्याचा मला अधिकार नाही, आणि गुरुजींनीही कधी ठेवली नाहीत. ते फक्त शेवटचा रकाना भरीत.

निवृत्तीनंतर एके दिवशी गुरुजी अडाजणच्या माझ्या घरी आले. सातही वह्या टेबलावर ठेवून म्हणाले, “तू आता डॉक्टर झालास. हे नीट लावून दे आणि दोन पानांची प्रस्तावना लिही. शाळा छापील.” मी होकार दिला. मनात मात्र आले की यात इतिहास तो काय? मी वह्या तळमजल्यावरच्या खोलीत, कपाटाच्या खालच्या कप्प्यात ठेवल्या. वरच्या कप्प्यांत माझी छापील पुस्तके होती. त्यांतील प्रत्येक कोणत्याही मोठ्या ग्रंथालयात मिळाले असते. गुरुजी भेटत तेव्हा मी “या सुटीत करतो” असे म्हणत असे. अशा कित्येक सुट्या गेल्या. मग गुरुजी गेले.

ऑगस्ट २००६ मध्ये तापीला महापूर आला. सुरतेचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. त्या दिवसांची आठवण आपणा सर्वांना आहे. आम्ही वरच्या मजल्यावर होतो. पाणी उतरल्यावर खाली आलो तेव्हा कपाटाचे खालचे कप्पे गाळाने भरलेले होते. वह्या सापडल्या. गुरुजी टाक-दौतीची सवय न सोडणारे गृहस्थ. सारे लेखन शाईचे होते. पाने एकमेकांना चिकटली होती आणि जी सुटली ती निळसर, कोरी होती. जाब विचारायला गुरुजी हयात नव्हते. ही मी माझी सुटका समजत नाही.

नुकसान नेमके कोणते, ते सांगतो. गेल्या फाल्गुनात मी नातवाबरोबर सुवालीस गेलो. भरती चढत होती. कुरव होते, शेकाट्या होते, तुतवार होते. कोरल आम्ही दोघांनी मिळून नऊ मोजले. नातवाने विचारले, “आजोबा, पूर्वी जास्त होते का?” मी म्हणालो, होते. “किती?” माझ्यापाशी उत्तर होते एका दिवसाचे, तेही दोन आकड्यांचे. एका दिवसावरून काही सिद्ध होत नाही. त्या दिवशी वारा निराळा असेल, भरती निराळी असेल. तीस वर्षांच्या ओळींवरून मात्र पुष्कळ सांगता आले असते. संख्या खरोखर घटली का, घटली तर केव्हापासून, गाळ अडल्यावर की धक्के झाल्यावर, की घट सायबेरियातील विणीच्या जागी झाली आणि आपल्या किनाऱ्याचा दोष नाही, हे प्रश्न निदान नीट विचारता आले असते. आज मी कोणाची बाजू घेऊन बोलू शकत नाही आणि कोणाविरुद्धही बोलू शकत नाही. पुरावा होता, तो माझ्या कपाटात विरघळला.

एकेकाळी इतिहास म्हणजे जे एकदाच घडले ते, अशी माझी समजूत होती. लढाई, तह, स्वारी. जे दरवर्षी घडते ते लिहावयाचे कशाला? डोडोला वखारीत ठेवणाऱ्यांनाही कदाचित तसेच वाटले असेल. त्या बेटावर ते पुष्कळ होते. दरवर्षी घडणारी गोष्ट एखाद्या वर्षी घडली नाही, हे कळण्यासाठी ती दरवर्षी लिहिलेली असावी लागते.

म्हणून आजच्या प्रसंगी मी शाळेला एक कोरी नोंदवही देत आहे. रकाने गुरुजींचेच आखले आहेत. शेवटचा रकाना किनाऱ्याचा आहे, तो कोणी गाळू नये. माजी विद्यार्थ्यांपैकी जे हजीऱ्याच्या कारखान्यांत आहेत, त्यांनी दर फाल्गुनात एका रविवारी मुलांना तेथवर न्यावे, एवढी विनंती आहे. वाट त्यांना आमच्याहून चांगली ठाऊक आहे. मोजणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी आणि आकडे जुळले नाहीत तर दोन्ही लिहावेत. पहिल्या पानावर गेल्या फाल्गुनातील नऊ कोरल माझ्या आणि नातवाच्या नावावर लिहिले आहेत. वहीची एक प्रत शहरात दुसऱ्या ठिकाणी, वरच्या मजल्यावर ठेवावी. आणि लिहिताना शिसपेन्सिल वापरावी.