अंधेरीपर्यंत आलेली काळी बिअर

कॉफीच्या चवीची गडद स्टाउट बिअर मुंबईच्या उपनगरांत अलीकडे रुळली असली, तरी तिचे मूळ अठराव्या शतकातील लंडनच्या 'पोर्टर' या काळपट बिअरमध्ये असून, हीच पोर्टर ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात गोऱ्या सैनिकांसाठी पिंपे भरून जहाजांनी हिंदुस्थानात येत असे. मोड आणून वाळवलेले सातू, म्हणजेच माल्ट, फिरत्या नळकांड्यात काळेभोर भाजण्याच्या पद्धतीचे एकस्व डॅनियल व्हीलर याने १८१७ मध्ये मिळवले. या भाजणीतून कॉफीच्या बियांसारखाच कडवट, खमंग गंध निर्माण होत असल्याने कॉफी न घालताही स्टाउटमध्ये तिची चव जाणवते, आणि काही उत्पादक आंबवण संपल्यावर भरडलेली कॉफी त्यात भिजवून ती अधिक ठळक करतात. महाराष्ट्रात १९४९ च्या मुंबई दारूबंदी अधिनियमाने मद्यपान परवान्याशी बांधले गेले, तर जागेवरच बिअर तयार करून विकणारी 'सूक्ष्म मद्यनिर्मिती' बऱ्याच उशिरा, पुण्यात २००९ मध्ये सुरू झालेल्या 'डूलाली'पासून रूढ झाली. पुढे अंधेरीतही 'डूलाली'चे दालन आले, आणि कारखान्यातील फिकट लागर हीच बिअर मानणाऱ्या उपनगरी ग्राहकाला भाजलेल्या माल्टची ओळख होत गेली.