पायाखालचं बटण

मागच्या वेळी आपण तारायंत्रापाशी थांबलो होतो. त्या तारायंत्रातली एक वस्तू, रिले, पुढे गिटारच्या व्हॉल्व्ह अँप्लिफायरमध्ये शिरली. आज तिच्याबद्दल बोलू.

रिले हा शब्द मुळात फ्रेंच. दमलेले घोडे सोडून ताज्या दमाचे जोडायचे, तो हा प्रकार, आपल्याकडच्या डाकचौकीसारखा. १८३०च्या दशकात अमेरिकेत जोसेफ हेन्रीने हीच युक्ती विजेला लावली. लांबून थकून आलेला क्षीण प्रवाह विद्युतचुंबकाला जेमतेम जागं करतो. चुंबक संपर्क जुळवतो आणि ताज्या बॅटरीचा प्रवाह पुढे निघतो. आज्ञा एकाची, बळ दुसऱ्याचं. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना या फरकावर तासभर बोलता येईल, पण ते राहू द्या. सातपूर-अंबडमध्ये स्विचगिअरचं काम केलेल्यांना तो रोजचाच आहे: छोटा रिले मोठा ब्रेकर पाडतो.

गिटारमध्ये अडचण वेगळी होती. पिकअपमधून निघणारा संकेत मिलिव्होल्टांतला. जुन्या अँप्लिफायरमध्ये वादकाच्या पायाशी बटण असे, ते रिव्हर्ब किंवा ट्रेमोलो बंद करण्यापुरतं. पुढे एकाच पेटीत दोन चॅनल आले, एक स्वच्छ आवाजाचा, एक फाटक्या. आता चॅनल बदलायला प्रत्यक्ष आवाजच पायापर्यंत न्यायचा आणि परत आणायचा का? तसं केलं तर वाटेत घरघर शिरते आणि वरचे सूर मंदावतात. म्हणून रिले व्हॉल्व्हच्या शेजारी बसवायचा. पायाकडे जातो तो फक्त ५ किंवा १२ व्होल्टांचा डीसी. आवाज जागचा हलत नाही, आज्ञा तेवढी फिरते.

घरी अँप्लिफायर बांधणारा इथे काटकसर करतो. व्हॉल्व्हच्या फिलामेंटला ६.३ व्होल्ट एसी असतोच. त्यालाच ब्रिज रेक्टिफायर लावून रिले चालवतो. चालतो तो उत्तम. पण फिलामेंटच्या वाइंडिंगचा मध्य घरघर कमी करण्यासाठी आधीच चॅसीला जोडलेला असतो. मग ब्रिजची ऋण बाजूही चॅसीला जोडली, की अर्धं वाइंडिंग एका डायोडमधून शॉर्ट होतं आणि डायोड जळतो. हा पुरवठा अधांतरीच ठेवायचा. रिलेच्या कॉइलवर एक डायोड उलटा बसवायचा, कारण प्रवाह तोडताना कॉइल व्होल्टेजचा मोठा झटका मारते.

स्टँडबायच्या बटणाची गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी आहे. ते बहुधा तीन-चारशे व्होल्ट डीसी तोडतं. घरातला एसी प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, तेव्हा ठिणगी आपोआप विझते. डीसीला ती उसंत नाही. बटणावर २५० व्होल्ट एसी लिहिलंय म्हणून ते इथे चालेल असं नाही. आतले संपर्क चिकटून बसू शकतात, आणि वादक समजतो की बंद झालंय. शिवाय खरोखर बंद झालं तरी फिल्टरचे कपॅसिटर भरलेले राहतात. ते रिकामे करणारा रेझिस्टर कायमचा जोडलेला हवा, आणि हात घालण्याआधी मीटर लावून बघायला हवं.

ठिणगी विझवण्याच्या याच प्रश्नापायी व्हॅक्यूम इंटरप्टर बनतात. तिथे संपर्क निर्वात नळीत उघडतात. व्हॉल्व्हही निर्वात नळीच, फक्त एकीत प्रवाह थांबवायचा आणि दुसरीत गाता ठेवायचा. त्या नळीकडे पुढच्या वेळी वळू.